मास्तरांची रांग

मास्तर हे नाव त्यांना कारखान्यातल्या पोरांनी दिलं होतं. नवीन आलेल्या प्रत्येकाला हाताला धरून शिकवायचे, चुकला तर कान उपटायचे, आणि संध्याकाळी त्यालाच चहा पाजायचे. कारखाना इस्पितळांसाठी बेलचे डबे बनवायचा. रुग्णाच्या उशाशी बटण असतं, ते दाबलं की नर्सच्या टेबलावर दिवा लागतो आणि पलंगाचा नंबर दिसतो, तो हा डबा. त्या डब्याच्या पोटातला प्रोग्रॅम मास्तर लिहायचे. सगळी उमर त्यात गेली.

त्यांची बायको छापखान्यात प्रूफं वाचायची. तिथे दोघींची जोडी असे. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, काना, मात्रा, सगळं उच्चारून, आणि दुसरीने छापलेल्यावर बोट ठेवून तपासायचं. ही वाचणारी. आवाज खणखणीत, न थकणारा. छापखान्यात म्हणत, बाईंनी वाचलेलं बहिऱ्यालाही ऐकू येतं.

संसार वाईट नव्हता, पण दोघांचे रस्ते वेगळे. लग्न झालं तेव्हा तिने एकदा विचारलं होतं, "तुम्ही नेमकं करता काय?" मास्तर उत्साहाने सांगायला बसले आणि थोड्या वेळाने बघतात तर बायकोला डुलकी लागलेली. त्यानंतर त्यांनी कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही. मुलगी झाली, शिकली, परगावी नोकरीला गेली. घरात भांडण नव्हतं, फारसं बोलणंही नव्हतं. दोन शेजारी एकमेकांना सांभाळून असतात, तसं चाललं होतं.

मग मास्तरांचे डोळे गेले.

काचबिंदू असा चोरपावलांनी येतो की माणसाला पत्ताच लागत नाही. आधी कडा गेल्या. नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसायचं. मास्तरांनी ते कुणाला कळू दिलं नाही. पडद्याला नाक लावून काम रेटलं. एक दिवस कारखान्याच्या काचेच्या दारावर असे आदळले की कपाळाला टेंगूळ आलं आणि बिंग फुटलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. कारखान्याने निरोप समारंभ केला, शाल-बिल नाही, पण सगळे रडले. घरी आले ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि तिथेच रुतले.

मुलगी सुट्टी काढून आली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तिने बापाच्या कॉम्प्युटरवर बसवला. मास्तरांनी कान दिला, चेहरा वाकडा केला आणि म्हणाले, "हे बंद कर. पत्र्यावर खडे टाकल्यासारखं बोलतंय." मुलीने समजावलं, रागावली, शेवटी डोळे पुसत परत गेली.

बायको त्यांना खिडकीत बसलेलं बघायची. बाहेर बघत बसलेला माणूस आणि बाहेर तोंड करून बसलेला माणूस, यात फरक असतो. तो तिला रोज दिसायचा.

अशात ठोंब्या आला. ठोंब्या हा मास्तरांचा सगळ्यात आवडता चेला. पहिल्या दिवशी त्याने इतक्या चुका केल्या होत्या की मास्तरांनी त्याचं बारसंच करून टाकलं. आता केस पिकायला लागले होते, तो विभागाचा प्रमुख झाला होता, हाताखाली मोठा ताफा होता, पण मास्तरांसाठी तो ठोंब्याच, आणि त्यालाही त्यात आनंद.

"सर, एक काम होतं," तो म्हणाला. "आपला नवीन डबा येतोय. त्यातली रांग तुम्ही लिहून द्याल?"

"रांग? अरे, माझे डोळे..."

"डोळ्यांनी थोडंच लिहिता तुम्ही? वहिनी आहेत, टाइप करतील. रांग दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती होत नाही."

मास्तर सरळ होऊन बसले. "घाई किती आहे?"

"घाई काही नाही, सर. सावकाश होऊ द्या."

आता कारखान्यातून 'घाई नाही' म्हणत कुठलं काम कधी आलंय? मास्तरांसारख्या मुरलेल्या माणसाला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी काडी धरली, आणि ती कुणी पुढे केली, का केली, हे बघितलं नाही.

ठोंब्या गेल्यावर मास्तर म्हणाले, "जमणार कसं? तुला यातलं काय कळणार?"

ती म्हणाली, "मी छापखान्यात हाडांच्या रोगांवरची पुस्तकं वाचली, कोर्टाचे निकाल वाचले. कळायला कुठे लागतं? दिसतं ते वाचायचं."

मास्तर सांगायचे, ती टाइप करायची, आणि टाइप केलेलं परत वाचून दाखवायची. मास्तर सी भाषेत लिहायचे. ही भाषा जुनी, कडक आणि मुकाट. चूक केली तर सांगत नाही, फक्त नंतर भोगायला लावते. तिच्यात अक्षरांपेक्षा चिन्हंच जास्त. पण चिन्हं वाचणं हा तर बाईंचा धंदाच. "महिरप उघडली," ती वाचायची. "पुढच्या ओळीवर, थोडं आत सरकून, तारा, बाण, अर्धविराम. महिरप मिटली."

"तारा नाही गं, त्याला पॉइंटर म्हणतात."

"मला तारा दिसतोय. मी तारा म्हणणार."

"बरं बाई, तारा तर तारा."

मास्तर बऱ्याच दिवसांनी हसले होते. तिने मान वर करून बघितलं, आणि बघितल्याचं त्यांना कळलं नाही, हेही तिच्या लक्षात आलं.

रांग म्हणजे काय ते त्यांनी तिला समजावलं, आणि या वेळी तिला डुलकी लागली नाही. रात्रपाळीला एकच नर्स असते. तीन खोल्यांतून तिघांनी बटण दाबलं, तर ज्याने आधी दाबलं त्याचा नंबर आधी दिसला पाहिजे. मागून आलेला पुढे घुसता कामा नये, आणि आलेला एकही हरवता कामा नये. एवढंच. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच," मास्तर म्हणाले, "आणि एवढ्यावर माणसं जगतात नाहीतर मरतात."

डब्यात जागा थोडी, म्हणून रांग गोल करायची. तिने जेवणाच्या टेबलावर कप गोलात मांडले. मास्तर बोटांनी चाचपून एकेका कपात शर्टाचं बटण टाकायचे: ही आली बेल. मागून दुसऱ्या हाताने काढायचे: ही नर्सने बघितली. टाकणारा हात एका कपावर, काढणारा एका कपावर, दोन्ही गोल फिरताहेत. खेळ छान चालायचा, पण दोन्ही हात एकाच कपावर आले की घोटाळा. रांग रिकामी झाली म्हणून हात भेटले, की गच्च भरली म्हणून? डोळ्यांना ते एका नजरेत दिसलं असतं. कानांनी ऐकताना मास्तरांचा हिशेब सुटायचा. ती वाचत असायची, आणि ते मध्येच हात वर करायचे, "थांब, थांब. आता पुढचा कुठे आहे? मागचा कुठे आहे?" पुन्हा पहिल्यापासून. एकदा चिडून त्यांनी कपच उडवला. तुकडे तिने गोळा केले, दुसरा कप मांडला आणि म्हणाली, "हं. महिरप उघडली."

शेवटी मास्तर म्हणाले, "एक मोजणी ठेवू या. बेल आली की एक वाढवायचा, गेली की एक कमी करायचा. शून्य म्हणजे रिकामी. डोळे असते तर ठेवली नसती, पण लक्षात ठेवायला सोपं पडेल." तिने 'मोजणी' असं टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत, आणि घोटाळा मिटला.

ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, असं ती पुढे कुणाला सांगू शकली नाही. नवरा आंधळा झालेला आणि बायको म्हणते चांगले दिवस, ऐकणारा काय म्हणेल? पण खरं तेच होतं. सकाळचं आवरून दोघं बसायची. ती वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे, बोटं मांडीवर चालायची. तिचा घसा बसला की ते उठून, भिंतीला हात लावत, स्वयंपाकघरातून तिच्यासाठी कोमट पाणी आणायचे. अर्धं सांडायचं. मधल्या सुट्टीत ते कारखान्याच्या गोष्टी सांगायचे, ती छापखान्याच्या. एका शब्दातली वेलांटी चुकून एका पुढाऱ्याची कशी शोभा झाली होती ते ऐकून मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस," म्हणाले. "तुम्ही घरी असायचात कधी?" ती म्हणाली, पण तिच्या बोलण्यात काटा नव्हता.

ठोंब्याने तपासायला एक छोटं सर्किट दिलं होतं, एक बटण आणि एक पिपाणीसारखी बेल असलेलं. प्रोग्रॅम त्यात भरून ती बटण दाबायची, मास्तर कान लावायचे. भराभर दाब, थांबून दाब, रांग भरेपर्यंत दाब. सगळं बिनचूक. मास्तरांनी शेवटी हात पुसले, जणू तेल लागलं होतं, आणि म्हणाले, "झाली. अगं, तू नसतीस तर..."

काम ठोंब्याच्या हातातच द्यायचं, असा मास्तरांचा हट्ट. तिथल्या कपाटात त्यांचा कोटही राहिला होता. म्हणून रांग पेनड्राइव्हवर भरून, तो पर्समध्ये टाकून ती कारखान्यात गेली. स्वागतकक्षात काचेच्या कपाटात एक नवा कोरा डबा ठेवलेला, दिवा लुकलुकत होता. ती कौतुकाने जवळ गेली. तिथल्या मुलीला म्हणाली, "हाच का नवा? कधी निघणार?"

"निघाला की. कधीचाच," मुलगी म्हणाली. "किती इस्पितळांत बसला."

छापखान्यात राहून तिला एक कळलं होतं: चूक दिसली की ओरडायचं नाही, आधी पुन्हा वाचायचं. ती पुन्हा डब्याकडे बघत राहिली.

ठोंब्या हसत बाहेर आला आणि तिचा चेहरा बघून त्याचं हसणं मावळलं. तिला आत नेलं, दार लावलं. "वहिनी, चहा सांगू?"

"यात त्यांची रांग नाही?"

"नाही."

"मग कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही, वहिनी. आम्ही आता रस्ट म्हणून नवी भाषा वापरतो. तिच्यात रांग तयारच मिळते, घासलेली, तपासलेली. हाताने आता कुणी लिहीत नाही."

"मग त्यांना कशाला लिहायला लावलीत?"

ठोंब्या टेबलाकडे बघत राहिला. "मी त्या दिवशी आलो तेव्हा सर खिडकीत बसले होते. मला बघवलं नाही. वाटलं, थोडे दिवस मन रमेल, मग आपोआप सोडून देतील. पुरी करतील असं..."

"असं वाटलं नव्हतं."

"नव्हतं, वहिनी."

हे तिला जास्त लागलं. फसवलं याचं तिला तेवढं वाटलं नाही, ते दयेपोटी होतं हे दिसत होतं. पण पुरी करतील असं वाटलं नव्हतं! ती उठली. कोट हातावर घेतला. "वहिनी, सरांना सांगू नका," तो मागून म्हणाला. "काय सांगायचं ते माझं मी बघेन," ती म्हणाली.

वाटभर तिने ठरवलं की सांगायचं. शब्दसुद्धा जुळवले. दार उघडलं तर मास्तर दारातच उभे, इस्त्रीचा शर्ट घातलेला, एक बटण वर-खाली लागलेलं.

"काय म्हणाला ठोंब्या? लावली का रांग?"

तिने ते चुकलेलं बटण बघितलं, आणि जुळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले.

"लावली," ती म्हणाली.

एक खोटं बोललं की त्याला राखायला दहा बोलावी लागतात. सगळ्यांना आवडली. ठोंब्या म्हणाला सरांचा हात अजून तसाच आहे. नवा डबा निघालासुद्धा. प्रत्येक वाक्याला मास्तरांचा चेहरा उजळायचा. त्यांनी मुलीला फोन लावायला सांगितलं. "तुझ्या आईने वाचली, मी लिहिली," बाप लेकीला सांगत होता, आणि आई भिंतीला टेकून ऐकत होती.

डोळे दाखवायला त्यांना इस्पितळात जावं लागे. पुढच्या खेपेला दोघं लांबलचक कॉरिडॉरमधून चालली होती. ती पुढे, तिच्या खांद्यावर त्यांचा हात. एका वॉर्डवरून जाताना आत बेल वाजली, नवीनच आवाजाची, मऊ. मास्तर थबकले. त्यांचा हात तिच्या खांद्यावर घट्ट झाला.

"ऐक," ते म्हणाले.

पावलं वाजली, कुणीतरी लगबगीने कुणाकडे तरी गेलं. मास्तर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने लग्नात नव्हतं बघितलं, मुलगी झाली तेव्हाही नव्हतं.

"ऐकतेस ना?"

"हो," ती म्हणाली.

पुढे बरेच दिवस सुखाने गेले. मास्तर आता खिडकीत बसत नसत. घरात फिरत, गुणगुणत, भांडी विसळायला मदत करत. मग एक दिवस दुपारी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला.

"काय झालं? खडा लागला?"

"मोजणी," मास्तर म्हणाले. "मोजणी कमी करतो ती ओळ काय आहे?"

तिला पाठ होती. तिने म्हटली. मास्तरांनी घास ताटात ठेवला.

"ती एक ओळ दिसते, पण यंत्र तिथे तीन कामं करतं. आकडा उचलतं, एक वजा करतं, परत ठेवतं. समज, रांगेत एक बेल आहे. यंत्राने एक उचलला, आणि ठेवण्याआधी, नेमक्या त्या क्षणी, दुसऱ्या कुणी बटण दाबलं. ते बटण सगळं थांबवून आत शिरतं, मोजणी दोन करतं, निघून जातं. मग हे आपलं आधीचं काम पुरं करतं, आणि दोनाच्या जागी शून्य ठेवतं. शून्य! म्हणजे रिकामी. आणि रांगेत एक माणूस आहे. बटण दाबून बसलाय. डब्याला वाटतंय कुणी नाही."

"पण आपण किती वेळा तपासलं..."

"तपासताना सापडत नाही ते! केसाएवढी फट आहे. महिन्यात एकदा पडेल, वर्षात एकदा पडेल. पण इतके डबे लागलेत, अगं, कुठेतरी पडणारच. पडलीही असेल. ठोंब्याला फोन लाव."

तिने फोन हातात घेतला, नुसताच कानाला धरला. "लागत नाही."

"पुन्हा लाव."

"लागत नाही, अहो. आधी जेवून घ्या, संध्याकाळी लावू."

"संध्याकाळी?" मास्तर ओरडले. ते कधी ओरडत नसत. "तोवर कुणी पडलं असेल तर? श्वास अडकलाय, बटण दाबलंय, वाट बघतोय की आता येतील, आता येतील. आणि कुणी येणार नाही. माझ्यामुळे येणार नाही!"

खुर्ची मागे पडली. ते तसेच खरकट्या हाताने दाराकडे निघाले. ती "अहो, थांबा" म्हणत मागे धावली, पण माणूस घाबरला की आंधळाही धावतो. त्यांनी दार उघडलं, जिन्याचा कठडा हाताला लागायच्या आत पाय टाकला, आणि जिन्याच्या खालच्या वळणापर्यंत गडगडत गेले.

ती पोचली तेव्हा ते उठायची धडपड करत होते. भुवईतून रक्त येत होतं. "मला रिक्षात बसवून दे," म्हणत होते, "मी जातो, मी सांगतो त्याला, सगळे डबे बंद करा म्हणावं."

तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

"अहो, ऐका. ती कुठेच लागलेली नाही."

"काय?"

"तुमची रांग. कुठल्याच डब्यात नाही. नव्या डब्यात दुसरीच आहे, आधीपासून. तुम्हाला काम दिलं ते... तुमचं मन रमावं म्हणून दिलं. तुमची रांग माझ्या पर्समध्ये आहे. मी त्याला दिलीच नाही."

जिन्यात वरच्या मजल्यावरचं कुणीतरी डोकावलं आणि मागे झालं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "कुणाला काही झालेलं नाही."

"नाही. कुणालाच नाही."

त्यांनी इतका लांब श्वास सोडला की तिला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण ते पायरीवर नीट बसले. सुटल्यासारखे बसले. तिने पदराने रक्त टिपलं. मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"कोट आणायला गेले होते तेव्हा."

"आणि इस्पितळात? मी ऐक म्हणालो, तेव्हा?"

तिचा हात त्यांच्या भुवईवर तसाच राहिला.

"तेव्हाही माहीत होतं," ती म्हणाली.

मास्तरांनी तिचा हात हळूच बाजूला केला. कठडा चाचपला, धरला आणि एकटेच वर गेले.

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण आवाज चढला नाही, अबोला नाही. ठोंब्या कळल्यावर धावत आला, पायाशी बसला. मास्तर म्हणाले, "या साहेब, वर बसा." साहेब! त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मास्तरांनी ते बघितलं नाही, पण ऐकलं असणार. "तुम्ही माझं भलंच बघितलंत," ते म्हणाले. "पण मला विचारायचं होतंत. डोळे गेलेत, बाकीचा मी शाबूत आहे." चहा झाला. ठोंब्या पुन्हा आला नाही.

मग एके सकाळी ती नेहमीसारखी पेपर वाचून दाखवायला त्यांच्या खुर्चीपाशी आली, आणि आत कॉम्प्युटरच्या खोलीतून तो पत्र्यावर खडे टाकल्यासारखा आवाज ऐकू आला. मास्तर खुर्चीत नव्हतेच. मुलीने बसवलेला तो प्रोग्रॅम त्यांनी स्वतः शोधून सुरू केला होता आणि बातम्या ऐकत होते.

"मी वाचते ना," ती दारात उभी राहून म्हणाली.

"राहू दे. तुझा घसा दुखतो."

"तो आवाज तुम्हाला आवडत नाही."

"होईल सवय," मास्तर म्हणाले. आणि थोडं थांबून, अगदी मऊपणे, "ते आहे तेच वाचतं गं."

सवय झाली. दोन-तीन आठवड्यांत ते त्या यंत्राला इतक्या वेगाने बोलायला लावू लागले की तिला त्यातलं अक्षर कळेना. सी भाषेतल्या महिरपी आणि तारे ते यंत्र आपल्या पद्धतीने, इंग्रजीत, सपाट सुरात वाचायचं. त्यांनी रांग एकट्याने दुरुस्त केली. तिला जेवताना कळलं, तेही ती म्हणाली, "आज बराच वेळ बसला होतात," म्हणून. "ती मोजणी काढून टाकली," मास्तर म्हणाले. "गरज नव्हती तिची." पुढे त्यांनी ती रांग इंटरनेटवर कुठल्याशा ठिकाणी ठेवली, जगातलं कुणीही फुकट घेऊ शकेल अशी. कुणी घेतली का ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी चौकशीही केली नाही.

नंतर ते अंधांच्या एका केंद्रात जाऊ लागले, काठी घेऊन चालायला शिकवतात तिथे. आधी ती सोडायला जायची, मग कोपऱ्यापर्यंत, मग दारापर्यंतच. तिथे त्यांना मित्र मिळाले. फोनवर त्यांच्याशी हसायचे. लोक म्हणू लागले, मास्तरांनी स्वतःला काय सावरलं! आणि ते खरंच होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

एकदा तिने धीर केला. ते काठी घेऊन निघायच्या तयारीत होते. "माझ्यावरचा राग गेला नाही ना अजून?"

मास्तर बूट चाचपत होते, थांबले. "राग नाही गं. खरंच नाही. तुझ्या जागी मीही तेच बोललो असतो." त्यांनी नाड्या बांधल्या, नीट, दोन्ही सारख्या. "पण तू बाहेर ऊन आहे म्हणालीस, तरी मी खिडकीतून हात बाहेर काढून बघतो. मुद्दाम नाही करत. होतं तसं. आता ते जाईल असं वाटत नाही."

ते गेले. जिन्यावरून काठी वाजत उतरली, एकेका पायरीला एकेक टोला, आणि रस्त्याच्या आवाजात मिसळली.

दुपारी मुलीचा फोन आला. बाबांशी काल बोलणं झालं होतं, आवाज किती खणखणीत होता, म्हणाली. "आई, बाबा किती सुधारले गं! मला वाटलं नव्हतं."

"हो," ती म्हणाली. "खूपच सुधारले."

"आता तुलाही जरा मोकळा वेळ मिळत असेल. काय करतेस दिवसभर?"

टेबलावर पेपर होता, सकाळचा, घडी न मोडलेला.

"काही नाही गं," ती म्हणाली. "पडते जरा."